मिठावाचून मुरलेले : आइसलँडच्या ताटाचा इतिहास

अन्नाचे पुढे काय होते हे सांगायला मराठीत क्रियापदांची वाण नाही. दूध नासते, फळ सडते, पीठ आंबते, दही लागते, लोणचे मुरते. या साऱ्यांत सूक्ष्म जिवांचे नाहीतर काळाचे काम चाललेले असते. पण नासले-सडले म्हणजे टाकून द्यायचे आणि लागले-मुरले म्हणजे जेवायला बसायचे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आंबण्याचे मात्र दोन्हीकडे चालते. इडलीचे पीठ आंबले तर बरे, रात्रीचे वरण आंबले तर वाईट. म्हणजे एकाच क्रियापदात दोन निकाल असतात आणि कुठला निकाल द्यायचा ते पदार्थ कुणाच्या घरातला आहे यावर ठरते.

आइसलँडमध्ये हाउकार्ल नावाचा पदार्थ आहे. ग्रीनलँड शार्क हा आपल्या मुशीचा अवाढव्य भाऊबंद. त्याचे मांस काही आठवडे पुरून आणि नंतर काही महिने टांगून तो तयार होतो. इंग्रजी प्रवासवर्णनांत आणि दूरचित्रवाणीवरच्या खाद्यभ्रमंतीत त्याचे नाव हमखास ‘सडका शार्क’ असे येते. आइसलँडिक भाषेत या प्रक्रियेसाठी ‘काइसा’ हे वेगळे क्रियापद आहे. सडणे, कुजणे यांसाठीचे शब्द निराळे आहेत आणि आइसलँडर माणूस त्यांची गल्लत करत नाही. म्हणजे ‘सडका’ हे भाषांतर नाही, तो निकाल आहे. तौलनिक साहित्य शिकत असताना सागांच्या निमित्ताने आइसलँडची ओळख झाली, तेव्हा माझे लक्ष वैर, खटले आणि समुद्रप्रवास यांच्याकडेच होते. पुढे अनुवाद हाच व्यवसाय झाल्यावर खाण्याचे शब्द अडवू लागले. आइसलँडिक मी आजही कोश आणि इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवूनच वाचते. पण त्या शब्दांच्या मागे गेल्यावर हाती आला तो एका टंचाईचा इतिहास. ही टंचाई निम्मी निसर्गाने आणली आणि निम्मी माणसांनी. जगाला जे पदार्थ विचित्र वाटतात ते या टंचाईला शोधलेले उत्तर आहे.

आधी निसर्गाचे बघू. आइसलँड उत्तर अटलांटिकमध्ये, आर्क्टिक वृत्ताच्या अगदी खाली आहे. स्कॉटलंड सुमारे आठशे किलोमीटर दूर, नॉर्वे त्याहून लांब. क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकसंख्या आज सुमारे चार लाख. बेटाच्या पोटातून पृथ्वीचे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत आहेत, म्हणून ज्वालामुखी, उकळते झरे आणि काळे लाव्हाचे माळ, वर हिमनद्या. माणूस येण्याआधी जमिनीवर राहणारा एकच सस्तन प्राणी इथे होता, तो म्हणजे ध्रुवीय कोल्हा.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेकडून माणसे आली. परंपरा ८७४ हे वर्ष सांगते. त्यांच्यासोबत आयर्लंड-स्कॉटलंडकडची माणसेही होती, त्यांत गुलाम म्हणून आणलेल्या स्त्रिया पुष्कळ. बेटाचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग तेव्हा बर्चच्या खुरट्या जंगलाने झाकलेला होता. घरांसाठी, कोळशासाठी, कुरणांसाठी ते तोडले गेले. नवे कोंब मेंढ्यांनी खाल्ले. उघडी पडलेली हलकी ज्वालामुखी माती वाऱ्याने नेली. बार्ली काही शतके थोडीफार पिकली, पुढे हवा गार होत गेली तशी तीही सुटली. उरले ते गवत, गवतावर जगणारी जनावरे आणि समुद्र.

इथले अन्न म्हणजे नुसती पोटाची बाब नव्हती, ती राज्यव्यवहाराचीही होती. ९३० च्या सुमारास या लोकांनी आल्थिंग ही सर्वांची सभा सुरू केली. सुमारे १००० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारायचा की नाही यावरून तिथे तट पडले. तेव्हा थोरगेर या विधिवक्त्याने निवाडा दिला, की सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा, पण काही जुन्या गोष्टी चालू राहू द्याव्यात. बाराव्या शतकात आरी थोरगिल्सॉनने लिहिलेल्या छोट्या इतिहासात हा निवाडा नोंदलेला आहे. त्या सवलतींमध्ये घोड्याचे मांस खाण्याची मुभा होती. नवजात अर्भक उघड्यावर टाकून देण्याची मुभाही तिच्या शेजारीच होती. दोन्ही सवलती काही वर्षांतच रद्द झाल्या. पण एका देशाच्या धर्मांतराच्या करारात ही दोन कलमे लागोपाठ यावीत, यावरून त्या समाजाला हिवाळ्याची धास्ती किती होती ते कळते.

आता मिठाकडे येऊ. भोवती सगळा खारा समुद्र आणि घरात मीठ नाही, हे कोकणातल्या माणसाला पटणार नाही. आपल्याकडे आगरात पाणी घेतले की बाकीचे काम ऊन करते. आइसलँडमध्ये तेवढे ऊन नाही. मग समुद्राचे पाणी उकळावे, तर सरपण नाही, कारण झाडे संपलेली. शेवाळे जाळून त्याच्या राखेतून काळपट मीठ काढत, पण ते थोडे आणि कडवट. चांगले मीठ जहाजातून यायचे आणि महाग पडायचे. तेव्हा प्रश्न असा, की उन्हाळ्यात दूध, शरदात मांस आणि हिवाळ्याच्या शेवटी मासे देणाऱ्या देशात मिठावाचून वर्ष काढायचे कसे?

त्याची चार उत्तरे निघाली. पहिले वाऱ्याचे. कॉड किंवा हॅडक फाडून लाकडी मांडवावर टांगला की थंड, कोरड्या वाऱ्यात तो लाकडासारखा टणक होतो. हा हार्दफिस्कुर. दगडावर ठेवून कुटायचा, तंतू सुटे करायचे आणि लोणी लावून खायचे. शेकडो वर्षे तो त्यांची भाकरी होता. धान्याची भाकरी हा सणाचा नाहीतर श्रीमंतांचा पदार्थ. आपल्याकडे सुके बोंबील तोंडी लावायला असतात, तिथे सुका मासा हेच मुख्य अन्न आणि लोणी तोंडी लावायला. ते लोणीही बिनमिठाचे, आंबट होऊ दिलेले आणि वर्षानुवर्षे साठवलेले. जमिनीचा खंड पुष्कळदा लोण्यातच चुकता व्हायचा.

दुसरे उत्तर धुराचे, पण लाकडाच्या नव्हे. मेंढ्यांच्या गोठ्यात हिवाळाभर तुडवून घट्ट झालेल्या लेंड्यांच्या थराचे तुकडे काढून वाळवायचे आणि त्यांच्या धुरावर मांस टांगायचे. नाताळात आजही खाल्ल्या जाणाऱ्या हांगिक्योतला, म्हणजे टांगलेल्या मांसाला, अस्सल चव या धुराचीच मानतात. गोवऱ्यांवर भाजलेल्या भाकरीची चव माहीत असलेल्यांना यात नवल वाटू नये.

तिसरे उत्तर आंबट पाण्याचे, आणि मला ते सर्वांत हुशारीचे वाटते. आइसलँडचा स्कीर म्हणजे साधारण आपला चक्का. लोणी काढून घेतलेल्या दुधाला विरजण आणि चीक घालून ते लावायचे आणि गाळायचे. आपण चक्का टांगल्यावर खाली जे पाणी गळते ते कणकेत घालतो किंवा ओतून देतो. आइसलँडमध्ये ते पिंपात भरून आणखी आंबवत. त्याला ‘सीरा’ म्हणत. पाणी घालून ते प्यायचे आणि त्यातच अन्न टिकवायचे. शरदात मेंढ्या कापल्या की रक्त आणि चरबी कोठ्यात भरून शिवायची, काळीज-यकृताचेही तसेच करायचे, डोकी भाजून केस काढून उकडायची, मेंढ्याचे वृषण सोलून दाबायचे, आणि हे सगळे शिजवून सीऱ्याच्या पिंपात बुडवायचे. पाण्यातली आम्लता कुजणे थांबवते. हाडेही त्यात मऊ होत आणि खाल्ली जात. मिठाचे काम असे ताकाच्या भाऊबंदाने केले. जनावराचा कुठलाच भाग टाकायचा नाही हा यातला हिशेब आहे. पर्यटक ज्या वृषणांचे फोटो काढतो ती त्या हिशेबातली एक ओळ आहे.

चौथे उत्तर म्हणजे काइसा. ग्रीनलँड शार्क थंड, खोल पाण्यात अत्यंत सावकाश वाढतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या मादीचे वय चारशे वर्षांच्या आसपास असण्याचा अंदाज मांडला गेला. त्याच्या मांसात युरिया आणि ट्रायमिथिलअमीन ऑक्साइड नावाचे द्रव्य भरपूर असते. ताजे खाल्ले तर माणूस काय, कुत्रासुद्धा दारू प्यायल्यासारखा झुलू लागतो. जास्त खाल्ले तर जिवावर बेतते. म्हणून किनाऱ्याजवळच्या वाळू-गोट्यांच्या खड्ड्यात मांस ठेवून वर दगडांचे वजन द्यायचे. सहा ते बारा आठवड्यांत द्रव निचरून जातो आणि जिवाणू त्या द्रव्यांचे विघटन करतात. मग तुकडे उघड्या झोपडीत वाऱ्यावर चारपाच महिने टांगायचे. वर तपकिरी साल धरते, ती काढून आतले पिवळसर पांढरे मांस चौकोनी फोडी करून खायचे. पोटाकडचा लालसर, चिवट तुकडा वेगळ्या नावाचा आणि अंगाकडचा मऊ तुकडा वेगळ्या नावाचा. या दुसऱ्याला ‘स्कीर-हाउकार्ल’ म्हणतात, म्हणजे चक्क्यासारखा. त्याला जो उग्र वास येतो तो अमोनियाचा. म्हणजे हा मासा ताजा असताना विषारी असतो आणि या खटाटोपाने खाण्याजोगा होतो. सडण्याच्या नेमकी उलट दिशा. आणि मुळात हा शार्क मांसासाठी धरलाच जात नव्हता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपातल्या शहरांचे रस्त्यांवरचे दिवे त्याच्या यकृताच्या तेलावर जळत. हिवाळ्यात उघड्या होड्यांतून तो धरायला जाणाऱ्यांपैकी कित्येक परतले नाहीत. तेल कोपनहेगनसारख्या शहरांकडे गेले, मांस बेटावर राहिले.

टंचाईचा दुसरा अर्धा भाग इथे सुरू होतो. तेराव्या शतकात आइसलँड नॉर्वेच्या राजाखाली गेले, पुढे नॉर्वेबरोबर डेन्मार्ककडे आले. १६०२ साली डॅनिश राजाने आइसलँडशी व्यापाराचा मक्ता आपल्या व्यापाऱ्यांना दिला आणि तो १७८७ पर्यंत टिकला. कुठल्या भागातल्या माणसाने कुठल्या बंदरात माल द्यायचा हेही ठरवून दिलेले होते. होल्मफास्तुर गुडमुंडसॉन नावाच्या गरीब कुळाने आपल्या वाट्याचे बंदर सोडून दुसऱ्या बंदरात थोडेसे मासे विकले. त्याबद्दल १६९९ साली त्याला फटके मारण्यात आले. धान्य, लाकूड, लोखंड, मीठ यायचे ते मक्तेदाराच्या जहाजातून, त्याच्या भावाने. एखाद्या वर्षी जहाज आले नाही तर काहीच नाही. सीऱ्याचे पिंप या व्यवस्थेतही भरलेले राहत असे, कारण त्याला कुणाच्या जहाजाची गरज नव्हती.

याच काळात युरोपात आइसलँडविषयीची ‘माहिती’ छापली जात होती. १५६१ च्या सुमारास गोरीस पेर्से या व्यापाऱ्याची एक जर्मन पद्यरचना हॅम्बुर्गकडून पसरली. १६०७ मध्ये डिटमार ब्लेफकेन याचे पुस्तक लायडनहून निघाले. या आणि अशा लेखनात आइसलँडर म्हणजे जनावरांसोबत राहणारे, घाणेरडे खाणारे, पोटची पोरे देतील पण कुत्र्याची पिल्ले देणार नाहीत असे लोक. आणि हेक्ला ज्वालामुखी म्हणजे नरकाचे दार. हे मुकाट्याने ऐकून घेतले गेले नाही, हा या कथेतला मला भावणारा भाग. बिशप गुडब्रांडुर थोरलाक्सॉन यांच्या प्रोत्साहनाने आर्नग्रीमुर योन्सॉन या विद्वानाने १५९३ मध्ये एक उत्तर लिहिले. १६०९ मध्ये देशाचा इतिहास सांगणारा ‘क्रिमोगेआ’ आणि १६१२ मध्ये खास ब्लेफकेनची चिरफाड करणारे पुस्तकही त्याने लिहिले. सगळे लॅटिनमध्ये, कारण आरोप करणाऱ्यांच्या वाचकापर्यंत पोचायचे होते. भाकरीऐवजी मासा खाणे हे रानटीपणाचे लक्षण नाही, हे त्याला युरोपातल्या पंडितांना त्यांच्या भाषेत सांगावे लागले. आपल्या घरातल्या क्रियापदाचा अर्थ परक्याच्या कोशात शिरवणे हे अनुवादकाचेच काम, आणि ते त्याने चारशे वर्षांपूर्वी केले.

आर्नग्रीमुरचे पहिले उत्तर छापले गेले त्याच १५९३ साली पश्चिम आइसलँडमध्ये योन ओलाफसॉन जन्मला. बावीस वर्षांचा असताना तो एका इंग्रजी जहाजावर चढून निघून गेला, डॅनिश राजा चौथा ख्रिस्तियान याच्या नोकरीत तोफखान्यात लागला आणि १६२२ मध्ये भारताकडे निघालेल्या जहाजावर गेला. तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला डॅनिश लोकांनी नुकताच डान्सबोर्ग किल्ला बांधला होता. तिथे त्याने चाकरी केली. तोफेच्या दारूच्या स्फोटात त्याचे हात जायबंदी झाले आणि तो परतला. म्हातारपणी, १६६१ मध्ये, त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. आइसलँडमध्ये तो ‘भारतप्रवासी योन’ म्हणूनच ओळखला जातो. त्या आठवणींच्या हस्तलिखित प्रती फिरत राहिल्या. छापील पुस्तक विसाव्या शतकात आले. ज्या काळात युरोप आइसलँडकडे कुतूहलाच्या वस्तूसारखे बघत होता, त्याच काळात एक आइसलँडर कावेरीच्या मुखाजवळच्या गावाकडे बघून चालीरीती टिपत होता. बघणारा आणि बघितला जाणारा या जागा कायमच्या नेमून दिलेल्या नसतात.

अन्नाचा आणि ग्रंथांचा या देशात जो संबंध आहे तसा मी दुसरीकडे वाचलेला नाही. सागा लिहिल्या गेल्या त्या वासरांच्या कातड्यावर. ‘फ्लातेयारबोक’ या चौदाव्या शतकातल्या मोठ्या ग्रंथाला ११३ वासरांची कातडी लागली असे मानतात. ज्या गोठ्यातून स्कीर आणि सीरा यायचा, त्याच गोठ्यातून पाने यायची. आणि दिवस वाईट आले की पाने परत घरकामाला जायची. ‘फिजिओलोगुस’ या प्राणिकथांच्या ग्रंथाच्या काही जुन्या पानांना भोके पाडलेली आहेत, कारण कुणीतरी त्यांची पिठाची चाळणी केली. आर्नी माग्नुसॉन या अभ्यासकाने अठराव्या शतकाच्या आरंभी गावोगाव फिरून अशी पाने गोळा केली. याच आर्नीने आणि पाउल विदालिनने १७०३ ची जनगणना केली. एका संपूर्ण देशातल्या माणसांची नावानिशी नोंद करणारी ती फार जुनी जनगणना, आणि तिची बेरीज ५०,३५८. कातड्यांवरचा हा सगळा संग्रह कोपनहेगनला गेला, १७२८ च्या आगीतून बहुतांशी वाचला आणि फार वाटाघाटींनंतर २१ एप्रिल १९७१ रोजी कोपनहेगनमधले पहिले दोन ग्रंथ युद्धनौकेतून रेक्याविकला परत आले, तेव्हा बंदरावर हजारो माणसे जमली होती.

त्या सागांमध्ये खाणे क्वचित येते, पण येते तेव्हा नेमके येते. एगिलच्या सागेत म्हातारा कवी एगिल मुलगा बुडून मेल्यावर कडी लावून पडतो आणि उपाशी मरायचे ठरवतो. त्याची मुलगी थोरगेर्दुर मलाही तुमच्याबरोबर मरायचे आहे असे सांगून आत शिरते आणि काहीतरी चघळू लागते. काय खातेस म्हणून विचारले तर सांगते, ‘सोल’; याने मरण लवकर येते. सोल म्हणजे किनाऱ्यावरचे तांबडे, खारट शेवाळे. तोही चघळतो, तहान लागते, पाणी मागवले जाते आणि शिंगात येते ते दूध. उपास असा मोडल्यावर ती म्हणते, आता भावावर कविता तरी करा. त्यातून आलेले विलापकाव्य जुन्या नॉर्स काव्यात अत्युच्च मानले जाते. सोल आजही किनाऱ्यावर वेचतात, वाळवतात आणि विकतात. चाखणाऱ्या परक्याला ते रबरासारखे लागत असेल. ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे त्याच्या तोंडात ते वेगळे लागते.

आणि मग १७८३ आले. ८ जूनला दक्षिणेत लाकीची भेग फुटली आणि पुढचे आठ महिने लाव्हा आणि वायू बाहेर येत राहिले. माणसे मेली ती मुख्यतः लाव्हाने नव्हे, भुकेने. फ्लोरिनयुक्त राख गवतावर बसली, जनावरांचे दात-खुर बिघडले, निम्मी गुरे आणि मेंढ्यांपैकी बहुतेक, सुमारे ऐंशी टक्के, मेल्या. दूध गेले म्हणजे स्कीर गेला, सीरा गेला, पिंपे रिकामी झाली. पन्नास हजारांच्या देशातला सुमारे पाचवा हिस्सा नाहीसा झाला. त्या वायूंचा पडदा उत्तर गोलार्धावर पसरला. त्याच सुमारास उत्तर भारतात पडलेल्या ‘चालिसा’ दुष्काळाशी त्याचा धागा असावा असा तर्क काही हवामान अभ्यासकांनी मांडला आहे.

लाव्हाच्या वाटेवरच्या गावाचा पाद्री होता योन स्टाइनग्रीम्सॉन. २० जुलैला त्याने चर्चमध्ये प्रार्थना चालवली आणि लाव्हा तिथेच थांबला, यासाठी तो आजही आठवला जातो. पण त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तात याहून जड गोष्टी आहेत. माणसांनी कातडी आणि कातड्याचे दोर तुकडे करून, शिजवून खाल्ले. पुढच्या वर्षी मदतीची मोहोरबंद रक्कम त्याच्या हाती पोचवण्यासाठी देण्यात आली. वाटेत उपाशी शेतकरी भेटले तेव्हा त्याने मोहोर फोडून पैसे वाटले. त्याबद्दल त्याला दंड झाला आणि जाहीर माफी मागावी लागली. बीज म्हणून एक गाय विकत घेता यावी एवढ्याचसाठी ती मोहोर फुटली होती. मक्तेदारीचा शेवट चार वर्षांनी झाला.

एकोणिसाव्या शतकात बेटाकडे येणारे परके वाढले. १८५६ मध्ये आलेल्या लॉर्ड डफरिनने आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. पुढे तोच भारताचा व्हाइसरॉय झाला. काही परके पुस्तकांऐवजी नमुने नेत. ३ जून १८४४ रोजी एल्देय या खडकावर ग्रेट ऑक या न उडणाऱ्या पक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. या पक्ष्याचे मांस, तेल आणि पिसे यांसाठी अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना शतकानुशतके शिकार झालीच होती. पण ही शेवटची जोडी कुणाच्या ताटासाठी मेली नाही. संग्रहालयांना आणि संग्राहकांना दुर्मीळ नमुने हवे होते म्हणून मेली.

मग आज ज्याला ‘प्राचीन परंपरा’ म्हणून दाखवतात ते थोर्राब्लोट काय आहे? थोर्री हा जुन्या पंचांगातला जानेवारी-फेब्रुवारीतला महिना. त्याच्या नावाने काही यज्ञभोज होत असावे असा उल्लेख जुन्या ग्रंथांत आहे. पण सध्याचा सण १८७३ मध्ये कोपनहेगनमधल्या आइसलँडर विद्यार्थ्यांनी सुरू केला, स्वातंत्र्याच्या चळवळीच्या भरात. त्यात खास जुनेच पदार्थ असले पाहिजेत हे आणखी उशिराचे. १९५८ मध्ये रेक्याविकच्या नॉइस्तीद या उपाहारगृहाने लाकडी परातीत हाउकार्ल, हार्दफिस्कुर, आंबट वृषण, मेंढीचे डोके असे सगळे एकत्र मांडून ‘थोर्रामातुर’ या नावाने विकायला सुरुवात केली. तोवर देश १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाला होता, लोक खेडी सोडून शहरात आले होते, घरात शीतकपाट आले होते. सीऱ्याच्या पिंपाची गरज संपली तेव्हाच त्याचा सण झाला.

हे कळल्यावर काहीजण ‘म्हणजे सगळी बनवाबनवी’ असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. सण नवा आहे, परातीतले पदार्थ जुने आहेत, आणि आजीने जे नाइलाजाने खाल्ले ते नातीने वर्षातून एकदा ठरवून खाणे ही आठवण ठेवण्याची एक रीत आहे. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे धान्य वर्ज्य करून कंदमुळांची भाजी खातात, तिच्यातही शेतीपूर्व काळाची अशीच काहीतरी आठवण असावी असे मला वाटत आले आहे. आठवण कुठल्या वर्षी बांधली गेली यापेक्षा ती कशाची आहे हे महत्त्वाचे. बिघाड होतो तो हीच परात पाहुण्यापुढे पैज म्हणून येते तेव्हा. एक फोड, वर ब्रेन्निवीन दारूचा घोट, तोंड वेडेवाकडे केल्याचे छायाचित्र, आणि पुन्हा एकदा ‘सडका शार्क’. भारतातही ईशान्येकडच्या विद्यार्थ्याला आंबवलेल्या सोयाबीनच्या वासावरून घरमालक बोलतो तेव्हा ब्लेफकेनचेच पुस्तक नव्याने वाचले जात असते. आणि मालकाच्या फडताळात लोणच्याची बरणी असतेच.

म्हणून हाउकार्लसाठी मराठी क्रियापद निवडताना मी ‘सडणे’ आणि ‘कुजणे’ बाजूला ठेवते. ‘आंबणे’ जवळचे आहे, पण ते सीऱ्यातल्या पदार्थांसाठी राखून ठेवावे लागते. उरते ‘मुरणे’. त्यात वजन ठेवणे आहे, वाट बघणे आहे, काळाने चव बदलणे आहे. अडचण एकच: मराठीतले मुरणे मीठ किंवा साखर-गूळ घातल्याशिवाय होत नाही, आणि हा सगळा इतिहास मीठ नव्हते म्हणून घडलेला. तेव्हा मी एका शब्दाच्या जागी दोन लिहिते : मिठावाचून मुरवलेला.